सासूबाईंचं स्विंडन

रविवार संध्याकाळ, हॅम्बर्ग. बाहेर पाऊस, घरात स्विंडन.

सासूबाई इंग्लंडला माझ्या धाकट्या दिरांकडे महिनाभर राहून आमच्याकडे आल्यात, तेव्हापासून दुसरा विषय नाही. स्विंडन एवढं मोठं, तरी अजून टाउनच म्हणवतं, मिजास नाही. रेल्वेचा जुना कारखाना होता, त्याच्या विटांना हात न लावता आत मॉल केलाय. बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. आणि ते सर्कल. मधे एक, भोवती पाच छोटी, सगळीकडून गाड्या, तरी हॉर्न नाही. आज नाश्त्याला त्यांनी डब्याभोवती पाच वाट्या मांडून ते समजावलं. उपमा गार झाला. कधी न पाहिलेल्या गावात मी आता बिनधास्त गाडी चालवू शकेन.

हे कौतुक गावाचं, की तिथे राहणाऱ्या माझ्या जावेचं, केतकीचं? आणि मला एवढं का लागावं?

दुपारी मुद्दाम त्यांना बंदरातल्या फेरीबोटीने फिरवून आणलं. पूर्ण वेळ गप्प. म्हटलं, संपलं, हॅम्बर्ग नापास.

घरी येताच त्यांनी केतकीला फोन लावला. "अगं, इथे बसच्या तिकिटावर बोटीत बसवतात. केवढाली जहाजं! तुमच्याकडे मेलं काय आहे, ते एक सर्कल."

जिंकले होते मी. गप्प बसायचं होतं. पण स्वयंपाकघरातून हातात डाव घेऊन तशीच बाहेर गेले आणि म्हणाले, "अहो आई, एक कुठे? सहा आहेत."