मोजून लावलेलं झाकण

ओझर,
१२ मे २०२४

चि. रोहिणी हिस सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

वि. वि. आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहे. भांडण पत्रातूनच करायचं, फोनवर माझं बीपी वाढतं. तर भांडतो. शेजारी विचारतात, मुलगी नाशकात काय करते. मी म्हणतो, लिहिते. कुठल्या ऑफिसात? तर घरीच. मग ते मला चहा पाजतात. दुखवट्याला पाजतात तसा.

३१ तारखेला मी कारखान्यातून रिटायर होतोय. अंबडला एका कंपनीच्या ऑफिसात तुझ्यासाठी शब्द टाकलाय. ३ जूनला, सोमवारी, हजर व्हायचं. लिहिण्याची हौस रविवारी भागव.

आई म्हणते, वेळेवर जेवत जा. राग आहे, लोभ त्याहून थोडा जास्त आहे.

तुझा पप्पा,
पुंजाराम

नाशिक,
१७ मे २०२४

ती. पप्पांना सप्रेम जयभीम.

पत्र पावलं. बीपी उतरलं असेल, अशी आशा करते. मी घरी बसते म्हणजे रिकामीच, हा शोध तुमच्या एकट्याचा नाही. घरमालकीण भिमाबाईही शेजारपाजारच्या किल्ल्या, सिलिंडर आणि पार्सलं माझ्याकडेच ठेवतात. या आठवड्यात बसल्या बसल्या मी गुडघेदुखीच्या तेलाचे गोडवे गायले आणि एका उमेदवाराला बालपणीची गरिबी लिहून दिली, जी त्याने कधी पाहिलीच नव्हती.

शिवाय एका साहेबांचं निरोपाचं भाषण लिहिलं. चौतीस वर्षं हाताखाली राबलेल्या फिटरची साहेबांना माहिती एवढीच: नाव, आणि ‘मेहनती, प्रामाणिक’. भाषण भावुक हवं, पण दोन मिनिटांत आटपायला हवं. त्या दोन मिनिटांना मला तीन दिवस लागले. इतका जीव ओतून मी आजवर लिहिलं नव्हतं.

अंबडला जाईन. तुमचा शब्द खाली पडू देणार नाही. पण वाईट वाटतंय, तेही सांगून ठेवते. लोभ सोमवारनंतरही असू द्या.

तुमची,
रोहिणी

ओझर,
१ जून २०२४

चि. रोहिणीस सप्रेम जयभीम.

हे पत्र तुझ्या भावाबरोबर, दिनेशबरोबर पाठवतोय. फोनवर सांगायला गेलो तर रडेन.

काल निरोप झाला. शाल, नारळ आणि घड्याळ मिळालं. आता वेळ बघायचं कारण उरलं नाही, म्हणून घड्याळ. मग मोठे साहेब कागद काढून बोलायला उठले. म्हणाले, हत्यारं मोजल्याशिवाय पुंजारामने कधी पेटीचं झाकण लावलं नाही, आणि घरीसुद्धा मुलीच्या कंपासपेटीतल्या सात वस्तू मोजूनच तिला शाळेत धाडलं. कारखान्यातल्या सगळ्यांनी डोळे पुसले. मी तर उभ्या उभ्या रडलो.

साहेब आपल्या घरी एकदाही आलेले नाहीत, पोरी.

सकाळीच अंबडला कळवलं, मुलगी येणार नाही, तिला काम आहे. शेजाऱ्यांनाही सांगितलं. आज चहा मी पाजला.

एकच तक्रार आहे. वस्तू सात नव्हत्या, आठ होत्या. खोडरबर राहिलं. इथून पुढे मोजून लिहीत जा.

लोभ आहे, तो मोजायचा नसतो.

तुझा पप्पा