सांभाराच्या वाफ्यात

अमरावती,
१२ एप्रिल २०२५

ती. सौ. ज्योत्स्नाताईस,
सा. न. वि. वि.

कैऱ्या पोचल्या. निम्म्या तर मीठ लावूनच फस्त झाल्या.

आता भांडण. दहावीच्या मुलांचा स्वभाव किती हळवा, ते मोजायचे कागद मी माझ्या मानसशास्त्राच्या संशोधनासाठी तुमच्या गावच्या शाळेत वाटले होते. तुझ्या सायलीच्या कागदावर सगळीकडे 'नाही'! मोठ्या आवाजाचा त्रास होतो का? नाही. दुसऱ्याचं रडणं पाहून जीव कासावीस होतो का? नाही. अगं, आपल्या हर्षलच्या लग्नात डीजे लागला तेव्हा हीच पोरगी कान दाबून गोठ्यात बसली होती ना? आणि अक्षर तुझं आहे. खरं काय ते कळव.

तुझी लाडकी, पण रागावलेली,
सुप्रिया


आसेगाव,
२० एप्रिल

चि. सुप्रियास अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पन आपल्या घरी फोनवरचं बोलनं साऱ्या घराले आयकू जाते, म्हून लिहून राह्यली.

हो, मीच भरला. मले वाटलं, डोक्याच्या बिमारीची तपासनी हाय. 'हो' लिहिलं तं उद्या सोयरिकीत कोनी उकरून काढीन. अन् तुहे भाऊजी तिले जूनमधे अकरावीले तिकडं अमरावतीच्या होस्टेलात टाकून राह्यले, एका खोलीत आठ पोरी. सुप्रियाजवळ ठेवा म्हटलं, तं म्हनतात मावशी लाडावून ठेवते, गर्दीत राह्यली का निबर होते. तवापासून पोरगी धड जेवत नाई. हे दुखनं हाय का वं? औषध असन तं सांग बाप्पा!

तुही काळजीतली,
ताई


अमरावती,
२६ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दुखणं नाही गं. काही माणसांना आवाज, वास, दुसऱ्याचा उतरलेला चेहरा, सगळंच जास्त जाणवतं. कुणी उंच असतं, तसंच हे. आम्ही फक्त मोजतो.

मलाच आठव ना. अंगणात गव्हाचं थ्रेशर सुरू झालं की मी भोकाड पसरायचे. मग आई तुला सांगायची, हिला मळ्यात ने. सांभाराच्या वाफ्यात बसून आपण केळीच्या सोपटानं जुड्या बांधायचो. हातांना दिवसभर तो हिरवा वास यायचा. बाजारात कोथिंबीर म्हणून तोच सांभार घेताना अजून डोळे भरतात बघ. मला नाजूक म्हणून कुणी हिणवलं नाही, ते तुझ्यामुळे.

दोन कोरे कागद पाठवते. एक सायलीलाच भरू दे, दुसरा असू दे, पहिला चुकला तर. भाऊजींनाही हे वाचून दाखव.

तुझ्या मायेवर वाढलेली,
सुप्रिया


आसेगाव,
४ मे

चि. सुप्रियास अनेक आशीर्वाद.

सायलीनं कागद भरला. बहुतेक 'हो'च. भरता भरता रडली, मंग हासली. म्हने, मावशीनं हे माह्यावरच लिहिलं काय.

तुह्या भाऊजीले पत्र वाचून दाखवलं. त्यायनं एवढंच इचारलं, सुप्रियाची मागची खोली सडकेकडं तं नाई ना? जूनमधे तिले तुह्याकडंच घेऊन येतो आमी.

आता तो दुसरा कागद. तो मी भरला. म्हटलं, पाहू तरी. बाई वं, पोरीपेक्षा माहेच 'हो' जास्त निंगाले!

तू लिहिलं, मी तुह्यासाठी मळ्यात येत होती. आईलेही तसंच वाटे. ज्योत्स्ना किती समजदार म्हून सारे वाखानत. पन थ्रेशरचा पट्टा चढवला का मीच तुले शोधत फिरे. तू रडली का मले निंगता ये. एखाद्या रोजी तू रडली नाई, तं माहा जीव जाये. मी मोठी होती ना, मले कोन मळ्यात नेईन?

येतानी सांभार मोकळाच आनतो. जुड्या आपून तिघी मिळून बांधू.

माया हायेच, अशीच राहू दे.
तुही,
ताई