हरिश्चंद्रकाकांच्या माश्या

गिरीज,
ता. ८ फेब्रुवारी १९८३

चि. मथुरा हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझ्या मधपेटीतल्या माश्या मरताहेत. शेजारच्या रॉबर्टने केळीवर विषारी औषध फवारले, दुसरे कोण! रविवारी मिसाची प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या फाटकात त्याला सर्वांदेखत खुनी म्हणून आलो. ईस्टरनंतर त्याच्या लुसीचे लग्न आहे. जाणार नाही, असे तुझ्या काकूला बजावले आहे. लुसी माझ्या खांद्यावर वाढलेली पोर. दोन दिवस जेवण गोड लागत नाही, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

मेलेल्या माश्या डबीतून पाठवतो. पुण्यास रसायन शिकतेस, तर विष शोधून दे. बाकी क्षेम. अंगणात मी लावलेले पिचकारीचे झाड लालभडक फुलले आहे, रस्त्याने जाणारे थांबून बघतात.

तुझा,
हरिश्चंद्रकाका

पुणे,
ता. १६ फेब्रुवारी १९८३

ती. काकांस मथुराचा सा. न. वि. वि.

माश्यांवर निकोटीन सापडले. हर्षभरित होऊ नये. डबी तुमच्या तपकिरीची होती. म्हणजे या तपासणीत फक्त तुमचे नाक पकडले गेले.

फुलातला मधुरस निव्वळ साखरपाणी नसतो. काही झाडे त्यात कडू किंवा विषारी द्रव्येही घालतात. त्याने कुठे माशी झिंगते, कुठे तोंड फिरवते, कुठे मरते. पिचकारीच्या फुलांत मेलेल्या माश्या आढळतात, असे आमच्या बाई सांगतात. कोणत्या द्रव्याने, हे मला ठाऊक नाही, म्हणून लिहीत नाही.

तुमच्या लाडक्या झाडाची ताजी फुले फाडून बघा. मग काही माश्यांना त्यांचा रस आणि काहींना साखरपाणी, वेगवेगळ्या बरण्यांत द्या. प्रयोग काकूंनी करावा. तुम्ही निकाल आधीच जाहीर कराल.

काकूंना नमस्कार. तुमच्यावर राग नाही, तूर्तास.

आपली,
मथुरा

गिरीज,
ता. २८ फेब्रुवारी १९८३

चि. मथुरा हिस आशीर्वाद.

फुले फाडली. आत माझ्याच माश्या मरून पडलेल्या. साखरपाण्याच्या बरणीत गुणगुण चालू राहिली, रसाच्या बरणीत सारे गप्प. काकूने दोन्ही बरण्या माझ्या जेवणाच्या पाटाशेजारी मांडल्या आणि ताट वाढले.

अंधार पडल्यावर गुपचूप रॉबर्टकडे माफी मागायला गेलो. तो म्हणाला, घरात कुजबुजायला तू काय चोर आहेस? खुनी जिथे म्हणालास, तिथेच येऊन सांग. काल मिसा सुटल्यावर फाटकात उभा राहून म्हणालो, रॉबर्ट निर्दोष, खून माझ्या झाडाने केला. त्याची आई सालोमी कानाने अधू. तिने सगळे परत सांगायला लावले. मी ओरडून सांगितले. लोक हसत होते, लुसी रडत होती.

रॉबर्टने माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, लग्नाच्या मांडवाला फुले नेहमीसारखी तूच आणायचीस, हऱ्या. फक्त तुझ्या अंगणातली नकोत.

काकूने तुला पोटभर जेव म्हणून सांगितले आहे. माझ्याकडूनही तेच.

तुझा,
काका