सून म्हणजे विमा नव्हे

मंगळवार, संध्याकाळ

भाट्याहून आलेला तिसरा विमा एजंट आत्ताच गेला. त्याला सरळ सांगितलं की हॉस्पिटलची पॉलिसी माझ्याकडे आहे. उद्या मी अंथरुणाला खिळले, तर सांभाळायला घरी बाई ठेवता येईल असा विमा हवाय. तो हसला. "काकू, सून आहे ना तुम्हाला?" पहिल्या दोघांनीही हेच विचारलेलं. सून आहे ना! सून म्हणजे काय पॉलिसी आहे?

सासूबाईंचं सगळं मी सहा वर्षं केलं. त्यापायी शाळेतली नोकरी सोडली, ती परत मिळाली नाही. तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि मीही गप्प बसले. त्याचा राग अजून आहे, आणि तो माझाच.

प्राची चहा घेऊन आली, तर तो माझ्या या सुनेलाच म्हणाला, "तुम्ही समजवा यांना."

ती म्हणाली, "त्या मागतायत ते तुमच्याकडे आहे का, तेवढं सांगा."

नव्हतं. इकडे असलं कुणी घेत नाही म्हणाला.

"मग मी पहिली," मी म्हटलं.

तो गेल्यावर प्राची हळूच म्हणाली, "आई, मी केलं असतं हो तुमचं."

माहीत आहे. म्हणून तर उद्या चौथ्याला फोन करणार.