चाळीस दिवसांच्या आत

प्रिय झोरित्सा,

तुझी दुन्या सदतीस दिवसांची झाली, त्या सकाळी मी गाईचं दूध काढलं, चुलीत लाकडं सारली आणि लाल ढोबळ्या मिरच्या भाजायला टाकल्या. दुन्याची दुपटी घरातच वाळत घातली. आपल्याकडे बाळ-बाळंतीण चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाहीत. तू म्हणालीस, "आई, मी बाळंतीण आहे की कैदी?" मी म्हटलं, "कैद्याला कोंबडीचं सूप मिळत नाही. गप पी." पिऊन तू पुन्हा झोपलीस.

काल बेलग्रेडला दुन्याला दुसऱ्यांदा प्लास्टर घातलं, छातीपासून घोट्यांपर्यंत. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवड्यांची असताना खुब्याची सोनोग्राफी झाली असती, तर नुसत्या पट्ट्यांनी सांधा बसला असता. आता लंगडेल. किती, ते मी सांगू शकत नाही." तुझ्या सासूबाई सगळ्यांदेखत बोलल्या, "शाळेत मास्तरीण, आणि स्वतःच्या पोरीच्या तपासणीचं भान नाही!" तू मान खाली घालून म्हणालीस, "चूक माझीच. तपासणीच्या तारखेची वाट बघत बसले, चौकशी केली नाही." मी तुझ्या शेजारीच उभी होते.

तुझ्या आधीचा माझा मुलगा ओग्न्येन तू पाहिला नाहीस. त्याला विसाव्या दिवशी मी शेजारच्या लग्नाला नेलं. वारा सुटला होता. आठवड्यात पोर गेलं. तुझे बाबा त्याबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते गेल्यावर मी एकटीच अक्षर अक्षर लावत पुस्तकं वाचायला लागले. वाऱ्याने मूल मरत नाही, हेही वाचलं. पटलं. तरी तुझी मुलगी हातात आली आणि मी पुन्हा दारं-खिडक्या लावून घेतल्या.

क्षमा मागत नाही, पोरी. दुन्याचा खुबा काही त्याने जागेवर येणार नाही. पण हा दोष तू अंगावर घेऊ नकोस, तो माझा आहे. त्या सकाळी तू झोपलेली असताना नर्सचा फोन आला, "उद्या आठ वाजता बाळाला खुब्याच्या तपासणीला आणा." उद्या अडतिसावा दिवस होता. मी "आणते" म्हटलं. चाळीस भरले की आपणच फोन करू, असं ठरवलं. पुढे दुन्याला लाथा झाडताना बघितलं, खुबे ठीकच आहेत असं वाटलं, आणि तेही राहिलं. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "आई, दवाखान्यातून काही निरोप?" मी "नाही" म्हटलं.

तुझीच आई,
रुझित्सा