मावशीने सांगितलेली वेल

आई, तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, कारण आपण कधी लांब राहिलोच नाही. तुला जाऊनही आता खूप वर्षं झाली. पण या वर्षभरात कारखान्यात जे झालं ते घरी कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहितेय.

तू जिथे नक्षी काढून द्यायचीस, कॅम्प चार वस्तीतल्या त्याच एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मी नोकरी करते. म्हातारे शेठ गेले, आता त्यांचा मुलगा शेठ झालाय. आपल्या बराकीतल्या घरात तू ओट्यापाशी बसकण मारून बटर पेपरवर वेल काढायचीस, रेघेवर सुईने बारीक भोकं पाडायचीस. मग निळीचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून फिरवला की वेल ब्लाउजच्या कापडावर उतरायची. डाळीलाही रॉकेलचा वास येतो म्हणून बाबा कुरकुर करायचे. एकदा मी शेजारी बसून तुझी पेन्सिल घेतली, तर तू हातावर फटका मारलास. "हे शिकायचं नाही. यात पाठ मोडते. तू खुर्चीवर बसून काम कर." मी रुसून जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तू मला नवी कंपासपेटी आणलीस. मी खुर्चीवरच बसते, आई. बदलापूरहून रोज येते, कारखान्याचे कॉम्प्युटर आणि ऑनलाइन ऑर्डरी सांभाळते.

तुझ्यासोबत काम करणारी जांभूळ गावची मावशी अजून तिथेच होती. ती कागदावर नक्षी काढायची, मग ती नक्षी कॉम्प्युटरवर चढवायचे आणि मशीन भरतकाम करायचं. माझ्याकडे प्रोग्राम लिहून देणारा एक एआय सहायक आहे. साध्या भाषेत सांगितलं की तो कोड लिहितो. दुसरं एक टूल आहे, ते सांगाल तसं चित्र काढतं. एका सकाळी शेठ माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बेटा, दोनों को जोड दे बस. ऑर्डर आली की डिझाइन आपोआप निघाली पाहिजे."

जोडणं अवघड नव्हतं. चार दिवसांत दोन्ही एकमेकांशी बोलू लागली. चित्रं यायची, दिसायला देखणीही असायची, पण मशीनवर चढवली की दोरा तुटायचा. मला कारण कळेना. मी मावशीला विचारलं. तिने चष्मा सारखा केला आणि स्क्रीनकडे बघून हसली. "अगं बाय, या वेलीला सुरुवातच नाही. सुई शिरणार कुठून? आणि गळ्यापाशी पान एवढं मोठं काढतात का? हुक कुठे लावशील?"

आठवडाभर ती माझ्या शेजारी बसली. ती सांगत जायची, मी टाइप करत जायचे. वेल खालून वर न्यायची. दोन पानांत बोटभर जागा सोडायची. मोराची मान वळवताना रेघ तोडायची नाही. तिचं एकेक वाक्य मी सहायकाला नियम म्हणून देत होते, आणि तो ते चित्र काढणाऱ्या टूलला सांगत होता. मावशी खुशीत होती. घरून माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणायची. "इतक्या वर्षांत मला कुणी बसवून विचारलं नाही," म्हणाली. मी भाकरी खाल्ली, आई. पुढे काय होणार ते मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. थांबावं असं वाटलं, पण थांबून शेठना काय सांगणार होते? कोड मीच लिहून घेतलेला, काम संपवायची तारीख मीच दिलेली.

मग एका दुपारी नक्षी मशीनवर चढली आणि एकदाही दोरा न तुटता पूर्ण झाली. शेठनी पेढे वाटले. आठ दिवसांनी मावशीला म्हणाले, "मावशी, आता आराम करा. लग्नसराईत लागलं तर बोलावू." लग्नसराई आली नि गेली. आता ती वांगणीला मुलीकडे असते.

मी मात्र कारखान्यातून हलू शकत नाही. टूल बदललं की जोडणी मोडते आणि ती फक्त मलाच दुरुस्त करता येते. अंबरनाथच्या एका कंपनीने बोलावलं होतं, तर शेठनी दार लावून घेतलं, हात जोडले, म्हणाले, "तू गेलीस तर कारखाना बंद." रोज शे-दीडशे नक्ष्या माझ्या डोळ्यांसमोरून जातात. प्रत्येकीत बोटभर जागा सोडलेली असते. मी डोळे मिटले तरी ती दिसते.

गेल्या रविवारी वांगणीला जाऊन आले. मावशी अंगणात तांदूळ निवडत होती. राग नव्हता तिला. चहा झाल्यावर तिने सहज विचारलं, "हे जोडायचं कुणाच्या डोक्यातून निघालं गं?" मी म्हटलं, "शेठच्या." तिने मान हलवली आणि पुन्हा सुपाकडे वळली.

शेठना त्यातलं काही कळत नव्हतं, आई. त्या सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले, त्याच्या आदल्या दिवशी मीच त्यांच्या केबिनमध्ये गेले होते. ही दोन्ही जोडता येतील, असं मीच सांगितलं. मला शाबासकी हवी होती.