दीडचं विमान

नाशिक,
९ फेब्रुवारी २०२६

चि. आभा,

तुला, गौरांगरावांना आणि श्रेयसला खूप खूप आशीर्वाद. रोज व्हिडिओ कॉल करणाऱ्या आईचं पत्र बघून चकित होशील. पण हे तुझ्याकडे बघत मला सांगता येणार नाही.

इकडे सगळं ठीक. थंडी अजून आहे. गुडघा बरा आहे, तरी शेजारची संपदा जिना चढताना हात धरतेच.

परवा श्रेयसच्या वाढदिवसाला त्याने फोनवर विचारलं, "आजी, तू कधी येणार?" मी काही बोलायच्या आत तूच म्हणालीस, "आजीला टोरांटो खूप लांब पडतं, राजा." रागाने नाही, मला सांभाळून घेत म्हणालीस. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

लांब आहेच. मुंबईहून साडेबारा हजार किलोमीटर. लंडनला विमान बदलून बावीस तास. तीन वर्षांपूर्वी तुझ्या बाळंतपणाला यायचं ठरलं, तेव्हा तूच फोनवर सांगून माझ्याकडून सगळं लिहून घेतलं होतंस. पण मी अंतरामुळे आले नाही, हे खरं नाही. घाटात गाडी अडकून विमान चुकलं, हेही खरं नाही.

आभा, मी सकाळी साडेनऊलाच विमानतळावर पोचले होते. विमान दीडचं होतं. ड्रायव्हर केरूने बॅगा ट्रॉलीवर ठेवून दिल्या आणि तो चहाला गेला. दारावरच्या जवानाने पासपोर्ट बघत विचारलं, "अकेले?" मी "हां" म्हटलं आणि पाय उचलेना. तुझे बाबा गेल्यापासून मी शिर्डीलासुद्धा एकटी गेले नव्हते. लंडनला चुकले तर कुणाला काय विचारू, आणि कुठल्या इंग्रजीत? मागची माणसं खोळंबली. मी बाजूला होऊन बाकावर बसले. आत जाणाऱ्यांत माझ्याहून म्हाताऱ्या बायका होत्या. अकराला केरूला फोन केला.

"काकू, अजून लय टाइम हाय. दारापर्यंत मी येतो, चला."

"नको. घरी चल. आणि हे कुणाला सांगू नकोस."

कसाऱ्याजवळ, ट्रकांच्या आवाजात, तुला फोन लावला. मी विमानात बसले का, या काळजीने तू तिकडे रात्रीची जागीच होतीस. घाटात अडकल्याचं ऐकून म्हणालीस, "जाऊ दे गं आई. तू सुखरूप आहेस ना?" पुढच्या आठवड्याचं तिकीट काढते म्हणालीस, तेव्हा मी बीपीचं कारण सांगितलं. बीपी नीट होतं.

तुझं सिझेरियन झालं. गौरांगरावांची रजा पाच दिवसांत संपली. टाके ओले असताना बाळाला घेऊन तू बर्फातून एकटी दवाखान्यात गेलीस. हे तू कितीतरी महिन्यांनी, हसत सांगितलंस. मी "बाई गं" म्हटलं आणि विषय बदलला.

गेल्या महिन्यात ओझरहून विमानाने दिल्लीला एकटी जाऊन आले. कुणाला बोलले नाही. दोन तास लागले. जे कळलं नाही ते मोडक्या हिंदीत विचारलं, लोकांनी सांगितलं. उतरल्यावर तिथल्याच एका खुर्चीवर बसून खूप रडले. एवढंच होतं गं ते.

आता मला येता येईल. पण तुला मी हवी होते, त्या दिवसांत आता कुठल्याच विमानाने पोचता येणार नाही. राग आला तर काढ माझ्यावर, सांभाळून घेऊ नकोस. ये म्हणालीस तर एकटी येईन. नको म्हणालीस तर का, ते विचारणार नाही.

वेळेत पोचूनही न आलेली,
तुझी
आई